दोन बोटं कमी

माझं निम्मं आयुष्य जीटीपी भरण्यात गेलं. ट्रान्सफॉर्मरच्या धंद्याबाहेरच्यांसाठी सांगते: वीज कंपनीच्या प्रत्येक टेंडरला शेवटी एक लांबलचक तक्ता जोडलेला असतो, तोच जीटीपी. डावीकडच्या रकान्यात त्यांना काय हवं ते, उजवीकडे आपण काय देणार ते. व्होल्टेज, लॉसेस, तेल किती तापणार, बुशिंगची (तार टाकीबाहेर येते त्या इन्सुलेटरची) क्रीपेज, म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरून मोजलेली लांबी, रंगाचा थर किती मायक्रॉन. उजवीकडे आकडा लिहून खाली सही-शिक्का केला की ते वचन झालं. मोडलं की एलडी, म्हणजे दंड. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा फक्त आफ्रिकेच्या टेंडरांवर.

आमच्या अकाउंट्समध्ये त्या सगळ्या फायलींवर एकच शब्द लिहिलेला असायचा: आफ्रिका. जणू एकच गिऱ्हाईक. खरं सांगायचं तर सुरुवातीची दोन वर्षं माझ्याही डोक्यात तसंच होतं. केनियाचं टेंडर उघडा, झांबियाचं उघडा, घानाचं उघडा, पहिल्या दोन पानांत तेच वाक्य: ट्रान्सफॉर्मर आयईसी ६००७६ प्रमाणे असावा. आयईसी म्हणजे विजेच्या सामानाची मानकं ठरवणारा आंतरराष्ट्रीय आयोग, १९०६ मध्ये लंडनला सुरू झालेला, आता जिनिव्हाला असतो. मानक एकच, तर ड्रॉइंगही एकच चालेल, असा माझा साधा हिशोब. जुनी फाईल उघडायची, तारीख बदलायची, पुढे.

मग तो म्हातारा आला.

पूर्व आफ्रिकेतल्या एका वीज कंपनीची ऑर्डर होती. ३३/११ केव्ही (किलोव्होल्ट), ५ एमव्हीए क्षमतेचे, तीन नग. इन्स्पेक्शनला दोघं आले. धाकटा लॅपटॉप उघडून पॅनलसमोर बसला. थोरला साठीकडे झुकलेला, किडकिडीत, शर्टाच्या खिशात स्वतःची स्टीलची टेप. रेशो बरोबर आला. लॉसेस जीटीपीपेक्षा कमीच. इम्पल्सला, म्हणजे वीज पडल्याच्या नकली चाचणीला, १७० केव्हीचे फटके दिले, स्क्रीनवरच्या लाटा एकमेकींवर तंतोतंत बसल्या. टेस्टिंग बेमध्ये सगळे खूश, कॅन्टीनला पोहे सांगितले. म्हातारा म्हणाला, शिडी द्या.

शिडीवर चढून त्याने टेपचं एक टोक ३३ केव्हीच्या बुशिंगच्या टर्मिनलला टेकवलं आणि दुसरं कॉन्झर्व्हेटरच्या, म्हणजे वरच्या तेलाच्या टाकीच्या पाइपाला. डोळे बारीक करून आकडा वाचला, तसाच पुन्हा एकदा मोजला. ३२२ मिलिमीटर. खाली उतरून वहीत लिहिलं, आणि मला टेंडरचं एक पान काढायला सांगितलं. सर्व्हिस कंडिशन्स. तिसरी ओळ: समुद्रसपाटीपासून उंची २२०० मीटरपर्यंत.

ते पान मी वाचलं होतं. पाहिलं नव्हतं.

बुशिंगच्या उघड्या टोकाभोवती इन्सुलेशन म्हणजे हवाच. उंचावर हवा विरळ, म्हणून तेवढ्याच व्होल्टेजला ठिणगी जास्त लांब उडी मारते. १७० केव्हीच्या फटक्याला ३२० मिलिमीटर हवा पुरते, पण हा आकडा हजार मीटर उंचीपर्यंतचा. त्यापुढे दर शंभर मीटरला एक टक्का अंतर वाढवा, असं मानकातच लिहिलेलं आहे. २२०० मीटर म्हणजे बारा टक्के. ३२० चे ३५८ व्हायला हवे होते. आणि मग टेस्ट पास कशी झाली? नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास. "तुमच्या हवेत पास झाला," म्हातारा अजिबात आवाज न चढवता म्हणाला, "राहायचंय त्याला आमच्या हवेत."

३६ मिलिमीटर कमी. आमचे फिटर काका शिडी धरून उभे होते. त्यांनी स्वतःची दोन बोटं जोडून डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाले, "मॅडम, एवढ्यासाठी?" स्वर्ग दोन बोटं उरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी उलटं कळलं. पाइप वळवून भागलं असतं, पण बुशिंगांमधलं आपसातलं अंतरही त्याच हिशोबाने कमी पडत होतं. म्हणजे टॉप कव्हर नवं, तेल काढा, कव्हर उचला, पुन्हा सगळं वाळवा, पुन्हा टेस्टिंग. तीन नगांना सहा आठवडे गेले, न्हावा शेवाची बोट चुकली, एलडी लागला तो लागलाच. मला कुणी ओरडलं नाही. ते जास्त लागलं.

त्या सहा आठवड्यांत मी आयईसीची मानकं पहिल्यांदा पहिल्या पानापासून वाचली. आणि लक्षात आलं की ही थाळी नाही, मेन्यूकार्ड आहे. ११ केव्हीची सिस्टीम घ्या. तिच्या सामानाचा वर्ग १२ केव्ही. त्याने विजेचा किती मोठा फटका सोसावा? आयईसी म्हणते ६०, ७५ किंवा ९५ केव्ही, तुमचं तुम्ही ठरवा. भारत ७५ घेतो. दक्षिण आफ्रिका ९५ घेते, कारण जोहान्सबर्गच्या पठारावर उन्हाळ्याच्या दुपारी विजा अशा कोसळतात की ज्याने पाहिल्या त्यालाच माहीत. दोन्ही ट्रान्सफॉर्मर आयईसीप्रमाणेच. पण ७५ वाला तिकडे नेऊन बसवा आणि पहिल्या पावसाची वाट बघा.

मग मी टेबलाशेजारच्या भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा लावला आणि टेंडरं येतील तसे आकडे लिहीत गेले. वर्षभरात तो नकाशा इतिहासाच्या पुस्तकासारखा दिसायला लागला. जिथे इंग्रजांचं राज्य होतं तिथे ११, ३३, ६६, १३२ केव्ही, म्हणजे आपल्याला पाठ असलेलेच पाढे. जिथे फ्रेंचांचं होतं तिथे १५, ३०, ९०, २२५. घानामध्ये मध्येच १६१. हा आकडा बघून मी आधी टायपिंगची चूक समजले होते. मग कळलं, अकोसोंबोचं धरण १९६६ मध्ये सुरू झालं, त्यातल्या विजेचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे अमेरिकी कंपनीचा ॲल्युमिनियमचा कारखाना, आणि १६१ केव्ही हा अमेरिकी वळणाचा आकडा. शेजारच्या टोगो-बेनिनला वीज तिथूनच जायची, म्हणून त्यांच्याकडेही १६१. दुसऱ्या बाजूचा शेजारी आयव्हरी कोस्ट मात्र फ्रेंच, २२५ वाला. या दोघांना जोडायचं तर मध्ये २२५/१६१ चा ट्रान्सफॉर्मर हवाच. आमच्यासारख्यांना धंदा, त्यांना खर्च.

दक्षिण आफ्रिकेचं आणखी वेगळं: २२, ८८, २७५, आणि वर थेट ७६५. त्यांचे फेजसुद्धा वेगळे. आपण लाल-पिवळा-निळा म्हणतो, केनियातही तेच म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत लाल-पांढरा-निळा. आयईसीच्या ट्रान्सफॉर्मरच्या मानकाला रंगाशी देणंघेणं नाही, टर्मिनलवर यू-व्ही-डब्ल्यू लिहा म्हणते. आमच्या पेंटरने एकदा सवयीने मधल्या बुशिंगखाली पिवळा ठिपका मारला. एवढासा ठिपका, पण लाइनमनने खांबावर चढून कुठली तार कुठे जोडायची ते त्या ठिपक्यावरच ठरतं. खरवडून पांढरा केला.

फ्रेंच टेंडरांची एक फजिती सांगते, ही फक्त माझी. सेनेगलचं पहिलं टेंडर आलं त्यात प्रत्येक ओळीला 'सीईआय ६००७६' असं होतं. मी दोन दिवस ते मानक शोधत होते. आयईसीच्याच नावाची फ्रेंच अक्षरं, उलट क्रमाने! आयोगाचं नावच दोन भाषांत आहे. ज्युनियर मुलांना हा किस्सा मी अजून सांगते, म्हणजे त्यांना धीर येतो.

सेनेगलवरून आठवलं. नकाशात गांबिया बघा. सेनेगलच्या तोंडात जीभ असावी तसा हा चिमुकला देश, नदीच्या दोन्ही काठांना, तिन्ही बाजूंनी सेनेगल. गांबियात इंग्रज होते म्हणून ३३ केव्ही, सेनेगलमध्ये फ्रेंच होते म्हणून ३०. गावं शेजारी-शेजारी, लोकांची भाषा बऱ्याच ठिकाणी एक, सोयरीक एक. पण इकडचा ट्रान्सफॉर्मर जळला आणि तिकडच्या आवारात अगदी तसाच, तेवढ्याच एमव्हीएचा नवा कोरा उभा असला तरी उपयोग नाही. ३० केव्हीच्या वाइंडिंगला ३३ दिले तर कोअर कोंडतो, गुरगुरायला लागतो, तापतो. टॅप, म्हणजे वेढे कमी-जास्त करायची सोय, असतो वर-खाली पाच टक्के, फरक आहे दहाचा. पण गंमत बघा, दोन्हीचा आयईसी वर्ग ३६ केव्हीच. म्हणजे बुशिंग तेच, अरेस्टरची भांडीकुंडी बरीच तीच, आयसोलेटर तोच, खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर तोच. फरक फक्त तारेच्या वेढ्यांच्या संख्येत. साध्या भाषेत सांगायचं तर, एक लांब टॅप असलेलं वाइंडिंग केलं तर एकच ट्रान्सफॉर्मर दोन्हीकडे चालेल. थोडं तांबं जास्त जाईल. मी हे एकदा आमच्या डिझाइनमध्ये बोलले होते. उत्तर आलं, "मागितलंय का कुणी?" नव्हतं मागितलं.

मागण्याचं काम करणारी माणसं आहेत तिकडे. आफ्रिकेतल्या वीज कंपन्यांचा संघ १९७० पासून आहे, आबिजानला. बरीच वर्षं त्याचं फ्रेंच नाव चालायचं, २०१२ पासून 'अपुआ' म्हणतात. आणि २००८ मध्ये आफ्रिकी ऊर्जामंत्र्यांच्या अल्जिअर्सच्या बैठकीनंतर आफ्रिकेचा स्वतःचा विद्युत मानक आयोग उभा राहिला, 'आफसेक'. त्यांनी एक गोष्ट शहाणपणाची केली असं माझं मत आहे: नवं मानक लिहायला बसले नाहीत. आयईसीचं जसंच्या तसं घ्यायचं, आणि मेन्यूकार्डातल्या कुठल्या ओळी आपण सगळ्यांनी मागवायच्या त्यावर एकमत करायचं. नवं मानक लिहिणं सोपं असतं हो, दहा तज्ज्ञ आणि एक हॉटेल मिळालं की होतं. 'आमच्याकडे ७५ चालतं' म्हणणाऱ्याला ९५ वर आणणं अवघड.

अवघड का, ते मला कमिशनिंगच्या, म्हणजे बसवलेला ट्रान्सफॉर्मर चालू करून द्यायच्या निमित्ताने नैरोबीत राहत होते तेव्हा एका स्टोअरकीपरने समजावलं. मी मोठ्या उत्साहाने सांगत होते, तुमचं आणि शेजाऱ्यांचं स्पेसिफिकेशन एक झालं तर स्पेअर निम्म्यावर येतील, ऑर्डर मोठी निघेल, भाव कमी लागेल. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग मला मागच्या रॅककडे घेऊन गेला. खालपासून वरपर्यंत गॅस्केट, बुशिंग, टॅप चेंजरचे काँटॅक्ट, ब्रीदरच्या काचा. प्रत्येकावर दोरीने बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, काही त्याच्या आधीच्या आधीच्या माणसाचं. एक बुशिंग उचलून माझ्या हातात दिलं, चांगलं जड होतं. "हा ज्या ट्रान्सफॉर्मरचा आहे तो माझ्याहून मोठा आहे आणि अजून चालतो. तुम्ही उद्या सगळं एकसारखं कराल. मग हे रॅक तुम्ही नेणार का?" ट्रान्सफॉर्मर नीट ठेवला तर चाळीस वर्षं जगतो. म्हणजे आज ठरवलेलं एकसारखेपण आवारात दिसायला माझी नात नोकरीला लागेल.

आणि दुसरं कारण पैशाचं. ट्रान्सफॉर्मर कुणाच्या कर्जातून येतोय ते बघा. एक सब-स्टेशन जागतिक बँकेच्या पैशातून, पुढचं चिनी बँकेच्या, त्याच्या पुढचं फ्रेंच विकास संस्थेच्या. पैसा ज्याचा, कन्सल्टंट त्याचा. कन्सल्टंट ज्याचा, स्पेसिफिकेशन त्याच्या मागच्या प्रोजेक्टचं. एकाच वीज कंपनीची तीन टेंडरं एका वर्षात माझ्या टेबलावर आली आहेत आणि तिन्हींत क्रीपेज वेगळी. शेजारी देशाशी जुळवायचं राहू द्या, स्वतःशी जुळेना. यात तिथल्या इंजिनिअरांना हसण्यासारखं काही नाही. आपण दात्याच्या ताटात जेवलो असतो तर आपलंही हेच झालं असतं.

आता उलट बाजू. एक गोष्ट त्या खंडात अशी जुळली की विचारू नका, आणि ती कुठल्या मंत्र्याच्या ठरावाने जुळली नाही. प्रीपेड मीटरचं टोकन.

माझी भाची नैरोबीला पार्कलँड्समध्ये असते. तिथे विजेला बोलीभाषेत 'स्टिमा' म्हणतात, आणि स्टिमा संपला की मोबाइलवरून पैसे भरायचे, एसएमएसमध्ये वीस आकडे येतात, ते घरातल्या छोट्या कीपॅडवर दाबायचे, युनिट जमा. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका रात्री तिचा व्हिडिओ कॉल. "मावशी, यांनी वीसच्या ऐवजी साठ आकडे पाठवलेत. हे फ्रॉड नाही ना?" मी म्हटलं, अगं नाही, वाचून दाखव. वीस-वीसचे तीन गट. पहिला दाब, मग दुसरा, मग तिसरा, क्रम चुकवू नकोस. ती फोन भिंतीला टेकवून आकडे मोठ्याने म्हणत दाबत होती, मागे भाऊजी आमटी ढवळत होते, आणि बेचाळिसाव्या आकड्याला छोट्याने विचारलं की हे काय चाललंय, तर तो गट पहिल्यापासून.

काय चाललं होतं ते असं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत लाखो नव्या घरांना वीज द्यायची होती. बिलं वाटायला पत्ते नव्हते, वसुलीला माणसं नव्हती, म्हणून आधी पैसे मग वीज. पण प्रत्येक कंपनीचं मीटर वेगळं, त्याचं टोकन विकणारं यंत्र वेगळं. दुकानदाराने काय चार यंत्रं मांडून बसायचं? मग एस्कॉम या तिथल्या सरकारी वीज कंपनीच्या पुढाकाराने टोकनचा एकच साचा ठरला, एसटीएस. कुणाचंही मीटर घ्या, वीसच आकडे, एकाच पद्धतीने कुलूपबंद. १९९७ मध्ये त्याची संघटना झाली, पुढे तो आयईसी ६२०५५ मध्ये गेला. म्हणजे जिनिव्हाहून आफ्रिकेत आला नाही, आफ्रिकेतून जिनिव्हाला गेला. टांझानियात त्याला लुकु म्हणतात, युगांडात याका, रवांडात कॅशपॉवर. आत मात्र तेच वीस आकडे.

त्या आकड्यांत टोकन कधी काढलं ती वेळ दडलेली असते, १ जानेवारी १९९३ पासून मोजलेल्या मिनिटांत. एकदा वापरलेलं टोकन पुन्हा चालू नये म्हणून. मिनिटं लिहायला चोवीस बिट ठेवले होते, त्यात १,६७,७७,२१६ मिनिटं मावतात, आणि ती २४ नोव्हेंबर २०२४ ला संपत होती. त्यानंतर घड्याळ शून्यावर गेलं असतं आणि मीटरने प्रत्येक नवं टोकन जुनं समजून नाकारलं असतं. म्हणून जगभरातल्या अशा प्रत्येक मीटरमध्ये कुणीतरी स्वतः जाऊन ते जादा चाळीस आकडे दाबणं भाग होतं. मीटरची किल्ली बदलते आणि मोजणी १९९३ ऐवजी २०१४ पासून सुरू होते. मागच्या पिढीचा कंजूषपणा म्हणा हवं तर, पण ३१ वर्षं टिकला. २०१४ ची मिनिटं २०४५ मध्ये संपतील. भाचीच्या छोट्याला तेव्हा दाबावे लागतील.

या एका किश्श्यात मला सगळा फरक दिसतो. टोकन जुळलं कारण न जुळण्याचा त्रास दर आठवड्याला कोपऱ्यावरच्या दुकानदाराला होत होता. ट्रान्सफॉर्मर जुळत नाही कारण न जुळण्याचा त्रास दहा वर्षांतून एकदा होतो, तोही अशा रात्री जेव्हा गाव अंधारात असतं आणि स्पेसिफिकेशन लिहिणारा निवृत्त झालेला असतो.

मोठ्या लाइनींचं बरं चाललंय, म्हणजे तिथे निदान घाई आहे. दक्षिणेच्या देशांनी १९९५ मध्ये वीज देवाणघेवाणीचा 'पॉवर पूल', म्हणजे संघ, केला, पश्चिमेच्यांनी १९९९ मध्ये, पूर्वेच्यांनी २००५ मध्ये. दक्षिणेच्या संघाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं मराठीत वाचली की 'साप' होतं, त्यामुळे आमच्या ऑफिसात "सापाचं टेंडर आलंय" हे वाक्य सर्रास. इथिओपिया आणि केनिया २०२२ मध्ये जोडले गेले ते मात्र डीसी लाइनने, ५०० केव्ही, हजार किलोमीटरहून लांब. दोघांकडे ५० हर्ट्झच, तरी डीसी का? अंतर आहेच. शिवाय डीसीमध्ये दोन ग्रिडना ठोक्याला ठोका जुळवावा लागत नाही. एकाची फ्रीक्वेन्सी लडखडली तर दुसऱ्याला झोक जात नाही. मन जुळलं नसेल तर व्यवहारापुरतं बोलावं, तसं.

हे मला नवं नव्हतं. बाबा एमएसईबीत होते, चंद्रपूरला. जवळच भद्रावतीला पश्चिम आणि दक्षिण ग्रिडच्या मध्ये असाच डीसीचा दरवाजा होता, नव्वदच्या दशकाच्या अखेरचा. एसी येणार, डीसी होणार, पुन्हा एसी होऊन पलीकडे जाणार, सगळं एकाच कुंपणात. मी विचारायचे, सरळ तार का जोडत नाहीत? बाबा म्हणायचे, "त्यांचं आणि आपलं घड्याळ अजून लागायचंय." ते लागलं ३१ डिसेंबर २०१३ ला, सोलापूर-रायचूर ७६५ केव्ही लाइनवर. एकाच देशात, एकच मानक, एकच प्राधिकरण असताना एवढा वेळ. त्या दिवशी बाबांनी मला फोन केला आणि नुसतं "लागलं" एवढंच म्हणाले. पन्नासहून अधिक देशांना वेळ लागतोय तर लागू दे, असं मला त्यामुळेच वाटतं.

बाकी कधीकधी जुळणी आपसूकही सापडते. जोहान्सबर्गला पहिल्यांदा गेले तेव्हा हॉटेलच्या खोलीत मी ॲडॅप्टर विसरल्याबद्दल स्वतःला कोसत होते, आणि भिंतीवर आपलाच जाड तीन गोल पिनांचा पॉवर प्लग! गीझरला, फ्रिजला असतो तो. इंग्रजांचा जुना प्लग त्यांनी स्वतः टाकून दिला, आपण आणि दक्षिण आफ्रिकेने जपून ठेवला. माझी घरची किटली खटकन बसली. आता तिकडे नव्या घरांत आयईसीचा नवा छोटा प्लग येतोय. चांगलाच आहे तो, पण माझी किटली गेली कामातून.

मी आता नोकरी सोडली आहे, सल्ल्याचं थोडंफार काम घेते. मागच्या महिन्यात जुन्या कारखान्यातल्या मुलीने दोन टेंडरं पाठवली, दोन शेजारी देशांची, दोन्ही ३३ केव्ही. "मॅडम, दोन्ही आयईसीच आहेत, एकच ड्रॉइंग टाकू?" मी म्हटलं, आधी उंचीची ओळ बघ. तिने बघितली होती, मुलगी हुशार आहे. एक १२०० मीटर, दुसरं १८००. मग इम्पल्सची ओळ. एका ठिकाणी १७० स्वच्छ लिहिलेलं. दुसऱ्या ठिकाणी रकाना कोरा. ३६ केव्हीच्या वर्गाला आयईसी १४५ ही देते आणि १७० ही. तर आम्ही प्री-बिड क्वेरी टाकली: कृपया कळवावे, इम्पल्स लेव्हल १४५ धरावी की १७०?

बारा दिवसांनी लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह उत्तर आलं. आयईसीप्रमाणे.